ठराव, तरतूद आणि माणूस : उपनगरातल्या नगरपरिषदेकडून काम करून घेण्याची वाट

आमच्या सोसायटीमागच्या गटाराची तक्रार आम्ही दोन पावसाळे तोंडी करत होतो. मुकादमाला सांगितलं, नगरसेवकाच्या कार्यालयात सांगितलं, आरोग्य विभागात जाऊन सांगितलं. सगळे "बघतो" म्हणाले आणि त्यांच्यापैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. तिसऱ्या वर्षी सोसायटीची सचिव म्हणून मी फेब्रुवारीत नगरपरिषदेत बसून फाइल वाचली, तेव्हा उलगडा झाला. गटाराचा ठराव झालेला होता, पैसे ठेवलेले होते, ठेकेदाराला कार्यादेशही (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) गेलेला होता. काम अडलं होतं वेगळ्याच कारणाने. आमच्या भागाचे कनिष्ठ अभियंता बदलून गेले होते, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं, आणि ज्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार होता त्यांच्याकडे आधीचेच दोन विभाग होते. जागेवर येऊन आखणी करून द्यायला माणूसच नव्हता. आम्ही मात्र दोन वर्षं गाळ काढणाऱ्यांशी भांडत होतो.

तेव्हापासून कुठलंही काम अडलं की मी तीन गोष्टी तपासते: ठराव आहे का, तरतूद आहे का, आणि ते काम करणारा माणूस त्या खुर्चीत आहे का. नगरपरिषदेचं बहुतेक प्रत्येक अडलेलं काम या तिघांपैकी एकापाशी अडलेलं असतं. नेमकं कुठे, ते कळलं की तक्रार कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत करायची हे आपोआप ठरतं.

हा लेख नगरपरिषद असलेल्या शहरांसाठी आहे. मुंबईच्या बाजूला अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली, पालघर; पुण्याच्या बाजूला तळेगाव दाभाडे, लोणावळा, चाकण. या सगळ्यांचा कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्याने चालतो. महानगरपालिकांचा कायदा वेगळा, तिथे आयुक्त असतात. तरी आराखडा, माहिती अधिकार आणि सेवा हक्काचा भाग त्यांनाही लागू पडतो.

पायरी पहिली : काम नक्की कुणाचं, ते ठरवा

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १९९३ पासून शहरी संस्थांना घटनेत जागा मिळाली आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय लिहिले गेले. पण विषय यादीत असला म्हणजे तो त्या संस्थेच्या हातात असतोच असं नाही. अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये नळाला येणारं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. जवळचं बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचं. विजेचा खांब महावितरणचा, पण त्यावरचा पथदिवा नगरपरिषदेचा. शहराच्या मधून जाणारा राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, एखादा काँक्रीटचा मोठा रस्ता एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) केलेला असतो, आणि रुळांखालच्या नाल्याचं तोंड रेल्वेच्या हद्दीत येतं.

पाणी आलं नाही म्हणून नगरपरिषदेच्या दारात मोर्चा नेणारे मी पाहिले आहेत. पोटतिडीक खरी, दार चुकीचं.

हद्दीबद्दल शंका असेल तर बांधकाम विभागाला एका ओळीचं पत्र द्या: "सदर रस्ता नगरपरिषदेच्या ताब्यात आहे का, नसल्यास कोणत्या यंत्रणेकडे आहे, हे कळवावे." लेखी 'नाही' आलं तरी ते कामाचं असतं, कारण मग दुसऱ्या कार्यालयाला ते जोडता येतं. माहिती अधिकारात अर्ज केलात आणि तो चुकीच्या कार्यालयात गेला, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचंच काम आहे.

पायरी दुसरी : कोणत्या खुर्चीत कोण आहे, ते समजून घ्या

इथे थोडं थांबायला हवं, कारण रहिवासी सर्वात कमी बघतात ती हीच बाजू.

नगरपरिषदेला दोन अंगं असतात. नगराध्यक्ष आणि नगरसेवक हे निवडून आलेलं अंग. ते ठराव करतात, अर्थसंकल्प मंजूर करतात. सध्या नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. मुख्याधिकारी आणि त्यांचे विभाग हे प्रशासनाचं अंग; अंमलबजावणी, सही आणि हिशेब त्यांच्याकडे. मुख्याधिकारी राज्य शासनाचे अधिकारी असतात, लोकसेवा आयोगातून आलेले, आणि त्यांची बदली शासन करतं. त्यामुळे "मुख्याधिकाऱ्यांना बदला" असा ठराव नगरपरिषदेने केला तरी निर्णय मंत्रालयात होतो.

बदलापूरसारख्या शहरांनी तर बरीच वर्षं निवडून आलेल्या अंगाशिवायही काढली. २०१५ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली, त्यानंतर प्रशासक होते, आणि पुढचं मतदान थेट डिसेंबर २०२५ मध्ये झालं. त्या काळातला कुठलाही ठराव शोधायचा असेल तर तो 'प्रशासकीय ठराव' म्हणून मागा. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात तो सापडणार नाही.

आता कर्मचारी. प्रत्येक नगरपरिषदेत किती पदं असावीत याचा शासनाने मंजूर केलेला तक्ता असतो. त्याला आकृतीबंध म्हणतात. तो बराचसा नगरपरिषदेच्या वर्गावर बेततात आणि वर्ग ठरतो लोकसंख्येवर: १ लाखाच्या वर 'अ', ४० हजार ते १ लाख 'ब', त्याखाली 'क'. अडचण अशी की ही लोकसंख्या जनगणनेची असते. बदलापूरची २०११ ची लोकसंख्या १,७४,२२६. २०२१ ला व्हायची ती जनगणना त्या वर्षी झालीच नाही. दरम्यान टेकडीच्या पायथ्यापर्यंत इमारती चढल्या, लोकल आणखी भरल्या, पण कागदावरचं शहर तेवढंच राहिलं. वाढलेल्या शहराला जुन्या मापाचा कर्मचारीवर्ग, हे उपनगरांचं मोठं दुखणं आहे आणि खिडकीवरच्या लिपिकाचा त्यात काही दोष नाही.

पदं तीन प्रकारांनी भरली जातात आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

अभियंते, लेखापाल, कर निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, स्वच्छता निरीक्षक असे तांत्रिक लोक महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेतून येतात. त्यांची भरती नगरपरिषद प्रशासन संचालनालय करतं. २०२३ मध्ये राज्यभरासाठी अशा १,७८२ पदांची जाहिरात निघाली होती. हे पद रिकामं असेल तर नगराध्यक्षांना धारेवर धरून ते भरलं जाणार नाही. पत्र संचालनालयाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेला जायला हवं. त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या. त्यांनी स्वतः मागणी केलेलीच असते; रहिवाशांचं पत्र त्या मागणीला बळ देतं.

लिपिक, शिपाई, स्थायी सफाई कामगार ही नगरपरिषदेची स्वतःची आस्थापना. आस्थापनेवर उत्पन्नाच्या किती टक्के खर्च करायचा याला शासनाची मर्यादा असते. वसुली कमी तर पगाराला पैसे कमी, मग भरती नाही, मग वसुलीला माणूस नाही, अशी ही साखळी फिरत राहते. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची पद्धत लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून चालत आलेली आहे. तिच्याबद्दल मत देण्याआधी ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं त्यांच्याशी एकदा बोलावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा प्रकार ठेक्याचा. घंटागाडीवरची मुलं, नालेसफाईचे मजूर, सुरक्षारक्षक, संगणकचालक यांतले बहुतेक ठेकेदाराकडचे. कचरा तीन दिवस उचलला गेला नाही की आपण चिडतो, पण पुष्कळदा पगार थकल्यामुळे काम बंद असतं. तेव्हा विचारायचे प्रश्न हे: ठेकेदाराचं शेवटचं देयक कोणत्या महिन्याचं अदा झालं? करारात किती कामगार ठरले आहेत आणि हजेरीपत्रकावर रोज किती आहेत? भविष्य निर्वाह निधीचं चलन देयकासोबत जोडलं आहे का? करारात साठ माणसं आणि हजेरी शेडवर पस्तीस, असा फरक दिसला तर तो पैशाचा प्रश्न आहे, आणि त्यावर लेखी हरकत घ्यायचा हक्क करदात्याला आहे.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करू नका. तुंबलेल्या चेंबरमध्ये कुणाला उतरवू नका, सोसायटीच्या खाजगी टाकीतही नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात गुदमरून मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. जेटिंग किंवा सक्शन गाडी नगरपरिषदेकडून मागवा आणि ती येईपर्यंत थांबा.

माहिती अधिकारात कर्मचाऱ्यांबद्दल विचारताना नावं मागू नका, पदं मागा. 'अमुक यांच्या रजा किती' हा प्रश्न वैयक्तिक माहिती म्हणून फेटाळला जातो. 'बांधकाम विभागात मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं किती, रिक्त पदाचा कार्यभार कोणत्या पदाकडे, कोणत्या आदेशाने' हा प्रश्न फेटाळता येत नाही. आमच्या गटाराच्या कोड्याचं उत्तर याच प्रश्नात होतं.

पायरी तिसरी : वर्षाचं घड्याळ ओळखा

जूनमध्ये नाल्याची मागणी करणं म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणं आणायला जाणं. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेरीस सभागृहापुढे मंजूर व्हावा लागतो. म्हणून मागणीपत्र डिसेंबरच्या आसपास पोहोचलं पाहिजे, विभागांचे आकडे लेखा विभागात जमा होण्याआधी.

पत्रात 'आमच्या भागाचा विकास करावा' असं लिहू नका. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, काय करायचं आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदराखाली) तरतूद हवी, ते लिहा. लेखाशीर्ष कळत नसेल तर मागच्या वर्षीच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक मागून घ्या. जाड असतं, पण भांडवली खर्चाची पानं तासाभरात वाचून होतात. कोणत्या प्रभागाला किती गेलं हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मग नगरसेवकाशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

तरतूद झाल्यावर कामाचा प्रवास ठरलेला असतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, सभेचा ठराव आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत) नोंद, देयक. फाइल या मालिकेत कुठे आहे एवढंच विचारा. "माझं काम कधी होणार?" याला उत्तर 'लवकरच' असतं. "तांत्रिक मंजुरी कोणत्या तारखेला मिळाली?" याला तारीख सांगावी लागते.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. साध्या सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी निघते, सोबत विषयपत्रिका असते. सभा नागरिकांसाठी खुली असते, अध्यक्षांनी तसा वेगळा निर्णय केला नसेल तर. बसायला जागा कमी असते, पंखा आपल्या बाजूला नसतो, तरी एकदा जाऊन बसा. कोणता नगरसेवक विषयपत्रिका वाचून आला आहे आणि कोण नाही, ते पहिल्या वीस मिनिटांत कळतं. तुमचा विषय यायचा असेल तर प्रभागातल्या दोघा नगरसेवकांना (एका प्रभागात साधारण दोन असतात) सभेआधी पत्र द्या आणि त्यांना विषय लेखी देऊ द्या. आयत्या वेळच्या विषयात घुसडलेलं काम पुढे हरकतीत सापडण्याची शक्यता जास्त.

पायरी चौथी : विकास आराखडा उघडून बसा

शहर पुढच्या वीस वर्षांत कुठे आणि कसं वाढणार, ते विकास आराखड्यात ठरतं. तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली तयार होतो आणि वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. हे तीस दिवस बहुतेक शहरांत कुणाला कळतही नाहीत. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छोटी जाहिरात येते, नकाशा नगरपरिषदेत भिंतीवर लागतो. जमीनमालक आणि विकासकांचे वास्तुविशारद पहिल्याच दिवशी फोटो काढून जातात. भाड्याने राहणारे, नोकरीला पहाटेची लोकल धरणारे लोक मात्र तीसाव्या दिवसानंतर विचारतात, की बागेचं आरक्षण कसं काय गेलं?

हरकत लिहिताना आरक्षण क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक द्या, नकाशाचा तो भाग जोडा, आणि काय असावं ते एका वाक्यात सांगा. सुनावणीला नियोजन समितीपुढे बोलावलं तर नक्की जा. गैरहजर माणसाची हरकत वाचली जाते, पण कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं. मंजूर आराखड्यातली किरकोळ दुरुस्ती कलम ३७ खाली होते, तिच्यातही हरकतीला मुदत असते. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, कारण मैदानं अनेकदा याच दाराने जातात.

आणि कलम १२७ नीट समजून घ्या. आराखड्यात बागेसाठी, शाळेसाठी जागा आरक्षित झाली, पण दहा वर्षांत नगरपरिषदेने ती ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीपासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं आणि मालक तिथे बांधकाम करू शकतो. मालकाचं त्यात चुकत नाही. त्याची जमीन दहा वर्षं अडकून पडलेली असते. चुकतं ते तरतूद न ठेवणाऱ्यांचं. म्हणून आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी काढा, प्रत्येकापुढे आराखडा मंजूर झाल्याचं वर्ष लिहा, आणि जी जागा नववं-दहावं वर्ष गाठते आहे तिच्या संपादनासाठी पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद मागा. पैसे नसतील तर जागेच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याची तडजोड मालकाशी होऊ शकते, हेही पत्रात लिहा.

घर घेणाऱ्यांसाठी इथेच थोडं सांगते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवल्याचं उघड झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे राहायला आलेल्या लोकांनी कर्ज काढलेलं होतं, हप्ते चालू होते. त्यामुळे विकासकाने दिलेल्या झेरॉक्सवर कधीच थांबू नका. परवानगीचा क्रमांक आणि दिनांक घेऊन नगररचना विभागात जा, तिथल्या नोंदीशी ताडून पाहा. त्याच जागेचा झोन दाखला (आराखड्यात ती जागा कशासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याचा तेवढा तुकडा) स्वतःच्या नावाने अर्ज करून काढा. मंजूर नकाशातली मजल्यांची संख्या प्रत्यक्ष इमारतीशी मोजा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत राहायला गेलात तर पुढे पाणी, कर, पुनर्विक्री सगळीकडे अडचण येते.

चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात राज्याच्या सध्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती पार्किंगखाली गेली असेल तर मंजूर नकाशा घेऊन तक्रार करा.

नदीकाठच्या शहरांनी पूररेषा पाहिल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नये. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटीने बाहेर काढावं लागलं. त्याच रात्री बदलापूरमध्ये नदीलगतच्या इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. नकाशावरची निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा; निळ्या आणि लाल रेषेमध्ये अटींवर बांधकाम होतं. ही रेषा पाटबंधारे विभाग आखतो, नगरपरिषद नाही. तेव्हा भराव टाकलेला दिसला तर तक्रार नगरपरिषद, तहसीलदार आणि पाटबंधारे विभाग अशा तिघांकडे एकाच दिवशी द्या.

पायरी पाचवी : तक्रार कागदावर आणा

तोंडी तक्रारीचा कुठे पुरावा उरत नाही. मोबाइल ॲपवरची तक्रार 'निकाली' असा शेरा मारून बंद होऊ शकते. आवक-जावक विभागात दिलेला कागद मात्र फाइलीत जातो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचा.

नमुना देते. एवढंच पुरतं:

प्रति, मा. मुख्याधिकारी.
विषय : प्रभाग क्र. … मधील … ते … या गटाराच्या अपूर्ण कामाबाबत.
महोदय/महोदया, वरील ठिकाणी सुमारे ८० मीटर गटार अपूर्ण असून पावसाचे पाणी तळमजल्यात शिरते. सोबत दिनांकासह चार छायाचित्रे व स्थळाचा नकाशा जोडला आहे. या कामाचा ठराव क्रमांक, कार्यादेशाचा दिनांक, काम पूर्ण करण्याची मुदत व जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लेखी कळवावे. मुदत संपली असल्यास ठेकेदारावर केलेल्या कारवाईची माहिती द्यावी. पंधरा दिवसांनंतर आम्ही पुढील पाठपुरावा करू.

खाली सोसायटीचा ठराव आणि सह्या. रागाचं एकही वाक्य नको. वाचणारा बहुतेक वेळा तो निर्णय न घेतलेला लिपिक असतो आणि त्यालाच तुमचं पत्र पुढे पाठवायचं असतं.

पायरी सहावी : उत्तर आलं नाही तर

पहिलं पाऊल सोमवारचं. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मी फाइल वाचली ती याच तासांत. कपाटाशेजारच्या टेबलावर हिरव्या दोरीत बांधलेली ती फाइल उघडली तेव्हा वर आमच्याच गटाराबद्दलची जुनी तीन पत्रं होती, आणि एकावर पेन्सिलने लिहिलेलं, "क.अ. पद रिक्त, आखणी प्रलंबित." क.अ. म्हणजे कनिष्ठ अभियंता. त्या पाच शब्दांत आमची दोन वर्षं होती. वही-पेन न्या, पान क्रमांक टिपा, नंतर तेवढ्याच पानांच्या प्रती माहिती अधिकारात मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोग. आयोगात वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच पूर्ण तयारीने जा.

कामाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची पानं मागा. आमच्या गटाराचं काम पुढे झालं तेव्हा पुस्तिकेत खोली ६० सेंटिमीटर होती. शेजारच्या काकांनी शिंप्याच्या टेपने प्रत्यक्ष मोजली तर एका टोकाला जेमतेम ४५ भरली. छायाचित्रात टेपचे आकडे वाचता येतील असं धरून काढलं आणि जोडलं. तेवढा भाग ठेकेदाराने पुन्हा केला. दोष दायित्व कालावधी करारात किती आहे तेही याच कागदांत असतं. त्या मुदतीत उखडलेला रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

दाखले, मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र, नळजोडणी, झोन दाखला अशा सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरलेला असतो, त्याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर केला तर ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज 'आपले सरकार'वरून करा म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

करवाढीची नोटीस आली तर तिच्यात दिलेल्या मुदतीत हरकत द्याच. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत खोल्यांचं क्षेत्रफळ चुकणं नेहमीचं आहे, आणि मुदतीनंतर कितीही खरं असलं तरी ऐकून घेणारं कुणी उरत नाही.

ठरावच चुकीचा असेल, म्हणजे मैदानाची जागा भाड्याने देण्याचा किंवा नाला वळवण्याचा, तर १९६५ च्या नगरपरिषद कायद्याचं कलम ३०८ वापरा. लोकहिताला बाधा आणणाऱ्या किंवा बेकायदा ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी या कलमाखाली थांबवू शकतात. अर्जासोबत ठरावाची प्रमाणित प्रत जोडा आणि बाधा कशी येते ते मुद्द्यांत लिहा. इथे उशीर परवडत नाही. काम सुरू झाल्यावर स्थगिती मिळवणं फार अवघड जातं. तालुका पातळीवर तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी लोकशाही दिन (अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. गैरव्यवहाराचा कागदोपत्री पुरावा असेल तर लोकायुक्त.

खड्ड्यांबद्दल एक नवी सोय झाली आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. नगरपरिषदेच्या हद्दीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हा दावा ऐकते. अपघात झाला तर त्याच दिवशी खड्ड्याचं मोजमापासह छायाचित्र काढा, पोलिसांत नोंद करा, दवाखान्याच्या कागदावर अपघाताचं कारण लिहून घ्या. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो.

आमचं गटार गेल्या पावसात तुंबलं नाही. आता आमच्या प्रभागातलं एक बागेचं आरक्षण नवव्या वर्षात आहे. त्याचं संपादन पुढच्या अर्थसंकल्पात घ्यावं असं पत्र आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिलं, दोन्ही नगरसेवकांच्या सह्या त्यावर आहेत, आवक क्रमांक मिळाला आहे. येत्या सोमवारी तीन वाजता मी आणि काका नगररचना विभागात त्या जागेची फाइल पाहायला जाणार आहोत.